कित्ता की देखावा?



परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत दरवर्षी एक प्रसंग घडतो. कोणा उपदेशकाचा किंवा शेतकरी बंधूचा सोळा-अठरा वर्षांचा मुलगा खांद्यावर पिशवी व काखेत अंथरूण घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभा असतो. त्यास पिंपरीकडे आय.टी.आय.त जागा मिळालेली असते, किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात शिकाऊ म्हणून घेतलेले असते. आई डोळे पुसते. बाप डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो आणि शेवटी म्हणतो, “बाळा, असा वाग की तुझ्याकडे पाहून लोकांनी आपल्या प्रभूला ओळखावे.” मुलगा मान हलवितो, गाडी सुटते, आणि बाप हलक्या मनाने घरी येतो. मुलाचे मन मात्र हलके झालेले नसते. त्या एका वाक्याने त्याच्यावर केवढे ओझे ठेवले, आणि ते वाहावे कसे हे आपण त्यास शिकविले आहे काय, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

तो ज्या मुलखात चालला आहे तो आपल्या आजोबांच्या ओळखीचा मुलूख राहिलेला नाही. चाकण म्हटले की पूर्वी कांद्याबटाट्याचा बाजार आठवे, आणि आठवे तो संग्रामदुर्ग, जो १६६० साली फिरंगोजी नरसाळा ह्याने शाएस्तेखानाच्या मोठ्या फौजेपुढे सुमारे दोन महिने लढविला. पिंपरीस १९५४ साली पेनिसिलिन तयार करणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. मागोमाग दुसरे कारखाने आले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. आज भोसरीपासून चाकणपर्यंत नाशिकच्या रस्त्याच्या दोहों बाजूंस यंत्रे रात्रंदिवस चालतात, आणि नगर, जालना, बीड, विदर्भ येथील तरुण बिहार व ओडिशा येथील तरुणांबरोबर एकाच खोलीत राहतात. गावी पाळक, वडील मंडळी, शब्बाथशाळेचे शिक्षक ह्यांची नजर असे. येथे त्यास कोणी ओळखत नाही. अशा ठिकाणी त्याने ‘कित्ता’ व्हावे अशी आपली अपेक्षा आहे.

आता अडचण पाहा. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शिष्यांस सांगितले की, तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कृत्ये पाहून स्वर्गीय पित्याचे गौरव करतील. आणि त्याच प्रवचनात, पुढच्याच अध्यायात, तो बजावतो की लोकांनी पाहावे म्हणून आपले धर्माचरण त्यांच्यासमोर करू नका. दान करा ते गुप्तपणे, प्रार्थना करा ती दार लावून. एकदा म्हणतो दिसू द्या, एकदा म्हणतो दाखवू नका. मोठ्या माणसासही ह्यांचा मेळ घालणे कठीण जाते. मग पोरवयाच्या मुलाचे काय? त्या वयात एकीकडे लाज फार, आणि दुसरीकडे लोकांनी आपल्याकडे पाहावे ही हौसही फार. “कित्ता हो” एवढेच सांगून त्यास सोडून दिले, तर दोहोंपैकी एक होते. एक तर तो धर्माचा वेष चढवितो: बोलण्यात शास्त्रवचने, गळ्यात मोठा क्रूस, सकाळी फोनवर सर्वांस वचन पाठविणे, आणि आत पोकळी. नाही तर एखादे दिवशी त्याचा पाय घसरतो, आणि “मी कसला कित्ता होणार?” असे म्हणून तो उपासनेस येणेच सोडतो. पहिल्यास आपण ढोंगी म्हणतो व दुसऱ्यास बहकलेला. पण दोघांचाही घोटाळा एकाच गोष्टीविषयी झालेला असतो. कित्ता म्हणजे काय, हेच त्यांस कोणी समजावून सांगितलेले नसते.

पौलाने तीमथ्यास लिहिले की, तुझ्या तरुणपणास कोणी तुच्छ लेखू नये. तू बोलण्यात, वागण्यात, प्रीतीत, विश्वासात आणि शुद्धतेत इतरांस कित्ता हो. पेत्रानेही लिहिले की ख्रिस्ताने दुःख सोसून आपणांस कित्ता घालून दिला. आपल्या नेहमीच्या मराठी शास्त्रात दोन्ही ठिकाणी हाच शब्द आहे, आणि तो शाळेतला आहे. ज्यांनी गावच्या शाळेत पाटीवर अक्षरे गिरविली आहेत त्यांस तो नव्याने सांगावयास नको. गुरुजी वरच्या ओळीत सुंदर अक्षर काढून देत; खाली मुलाने ते पाहून लिहावयाचे. पेत्राने योजिलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही नेमका हाच आहे: मुलांनी पाहून लिहावे म्हणून घालून दिलेले अक्षर.

ह्या साध्या दाखल्यात पुष्कळ शिकवण भरली आहे. गुरुजींनी वरची ओळ काढली ती मुलांनी “वाहवा, काय हे वळण!” म्हणावे म्हणून नव्हे, मुलाच्या हातास वळण लागावे म्हणून. देखावा आणि कित्ता ह्यांत भेद आहे तो येथे. दोन्ही डोळ्यांस दिसतात. पण देखावा पाहणाराची स्तुती मागतो, आणि कित्ता पाहणाराचे भले करतो. प्रभूची दोन्ही वचने येथे एकत्र येतात. उजेड पडतो तेव्हा माणसास आपली वाट दिसते. कोणी दिव्याकडे टक लावून बसत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाच्या अनुभवाची आहे. मूल पहिली ओळ गुरुजींची पाहून लिहिते, तेव्हा अक्षर बरे येते. दुसरी लिहिताना त्याची नजर आपल्याच पहिल्या ओळीवर जाते, तिसरी लिहिताना दुसऱ्या ओळीवर. आणि पान संपेपर्यंत वळण पार बिघडते. कारण ते कित्ता पाहत नाही, आपलीच चूक गिरवीत असते. आपल्या मंडळ्यांचेही असेच होते. मुलगा बापाकडे पाहतो, बाप पंचांकडे, पंच मागील पंचांकडे. आणि पहिली ओळ ज्याने लिहिली त्याच्याकडे कोणीच पाहत नाही. म्हणून तरुण मित्रांनो, तुमच्या वयाचे जे मोठे भाग्य आहे ते ओळखा: पानाच्या तळाशी असूनही तुम्ही मान वर करून थेट पहिली ओळ पाहू शकता.

पौलाचा शब्द निराळा आहे. तीमथ्यास लिहिताना त्याने जो ग्रीक शब्द योजिला, त्याचा मूळ अर्थ ठोक्याने उमटलेला ठसा, म्हणून साचा, असा आहे. ह्याचा अर्थ भोसरीच्या कारखान्यांत काम करणारा कोणताही मुलगा आपणांस सांगू शकेल. प्रेसमध्ये डाय बसविलेली असते. पत्र्यावर दाब पडतो आणि पत्रा डायचा आकार घेतो. डाय काही बोलत नाही, कोणास बोलावीत नाही. परंतु डायवर एक बारीक ओरखडा असला, तर तो निघणाऱ्या प्रत्येक नगावर उमटतो. तरुणांनो, तुमच्यामागे तुमचा धाकटा भाऊ आहे, शेजारची पोरे आहेत. ती तुमचा उपदेश ऐकतील किंवा न ऐकतील, तुमचा ठसा मात्र त्यांच्यावर उमटतच आहे. म्हणून “मी कित्ता व्हावे की न व्हावे?” हा प्रश्नच खरा नव्हे. तुम्ही कित्ता आहातच. प्रश्न एवढाच की कशाचा?

धाकट्यांवर थोरल्याचा ठसा कसा उमटतो ह्याचे उदाहरण आपल्या नगरच्या मंडळीत आहे. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले हरिपंत खिस्ती ह्यांची कन्या कृपाबाई हिचा जन्म १८६२ साली नगरास झाला. थोरल्या भास्करावर तिची फार भक्ती होती. तो तरुणपणीच वारला. हिने मात्र वाचनाची व विचाराची वाट सोडली नाही. १८७८ साली, म्हणजे सोळा वर्षांची असताना, ती वैद्यक शिकण्यास मद्रासेच्या मेडिकल कॉलेजात गेली. प्रकृतीने दगा दिल्यामुळे तो अभ्यास तिला सोडावा लागला. तरी तिने लेखणी धरली, आणि ‘सगुणा’ ही इंग्रजी कादंबरी आपल्याच आयुष्यावरून लिहिली. १८९४ साली तिचे निधन झाले, तेव्हा तिला पुरती पस्तीस वर्षेही झाली नव्हती.

तरुणपणास तुच्छ लेखू नये हे तर ह्या मुलखास मुळीच नवीन नाही. चाकणहून आळंदी जवळच आहे. परंपरेने मानलेले शक धरिले, तर ज्ञानेश्वरांनी नेवाशास गीतेवरील टीका पुरी केली ती १२९० साली, पंधरा वर्षांच्या वयात. आणि १२९६ साली आळंदीस समाधी घेतली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. रागाने झोपडीचे दार लावून बसलेल्या ह्या भावास ज्या बहिणीने समजाविले ती मुक्ताबाई त्याहूनही लहान, असे परंपरा सांगते. आमच्या शेजाऱ्यांच्या मनात ह्या पोरवयाच्या भावंडांविषयी जो आदर आहे तो पाहून आपण आपल्याच मुलांस “तुला काय कळते?” म्हणून गप्प बसवावे, हे शोभत नाही.

आता एक चित्र केडगावचे पाहू. १८९६-९७ च्या व पुन्हा १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली मुक्ती सदनात आणिल्या. त्या आल्या तेव्हा कित्येकींस अक्षरओळखही नव्हती. तेथे त्या लिहावयास शिकल्या, विणावयास शिकल्या, शेत पिकवावयास शिकल्या. आणि काहीजणी छापखान्यात खिळे जुळवावयास शिकल्या. रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत शास्त्राचे भाषांतर हाती घेतले, आणि त्याची जुळणी व छपाई ह्या मुलींनी व स्त्रियांनी केली. १९२१ साली रमाबाईंची कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम संपत आले त्याच दिवसांत, रमाबाईही गेल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी छापखान्याचे काम पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे की खिळ्यावर अक्षर उलटे असते. ते एकेक उचलून ओळीत बसवावे लागते; एक चुकले तर वाचणाराचा अर्थ चुकतो. पण वाचणारा जुळणी करणारीचे नाव पाहत नाही. त्या मुलींनी जुळविलेला प्रत्येक खिळा कोणाच्या तरी डोळ्यांपुढे अक्षर होऊन उभा राहिला, आणि त्या स्वतः मागे राहिल्या. कित्त्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल, “केडगावचे सदन ठीक आहे, तेथे सभोवार प्रार्थना होती. चाकणच्या कारखान्यात काय करावे ते सांगा.” हा आक्षेप रास्त आहे. तर मग एक प्रसंग कल्पून पाहू.

एक एकोणीस वर्षांचा मुलगा ठेकेदारामार्फत कामास लागला आहे. मशीनवरून निघालेल्या जॉबांपैकी दर तासाला पाच जॉब गेज लावून मोजावयाचे आणि आकडे तपासणीच्या कागदावर भरावयाचे, हे त्याचे काम. रात्रपाळी आहे. माल लवकर पाठवावयाचा आहे. बरोबरीचा म्हणतो, “अरे, मोजत काय बसतोस? मागच्या तासाचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भर. सगळे असेच भरतात.” ह्याच मुलाने जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडण्यापूर्वी, सर्वांदेखत डोळे मिटून प्रार्थना केली होती. ती चांगलीच गोष्ट केली. परंतु मंडळी कित्ता वाचावयास बसली आहे ती आता. त्याने न मोजता आकडा भरला, तर डब्यावरची प्रार्थनाही त्या आकड्याच्या पंक्तीस जाऊन बसेल, लोक म्हणतील, “ह्याचे तेही असेच.” आणि त्याने मोजून खरा आकडा भरला, तर कदाचित कोणाचे लक्षही जाणार नाही. पण तो जॉब कोठे तरी कोणाच्या गाडीत बसणार आहे, आणि त्या गाडीत कोणाची लेकरे बसणार आहेत. पिंपरीस पेनिसिलिनची बाटली भरणाराचे तोंड रोग्याने कधी पाहिले नाही. तरी दंडात सुई टोचून घेताना त्याने त्या न पाहिलेल्या माणसाच्या खरेपणावर आपला जीव ठेविला. गुप्तपणे पाहणारा पिता म्हणजे काय, हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे त्याने त्या कागदाच्या रकान्याकडे पाहावे.

परंतु, बंधूंनो, ह्या प्रसंगाची दुसरी बाजू झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. तो मुलगा कायम नोकरीत नाही. उद्या “येऊ नकोस” म्हटले तर त्यास विचारणारे कोणी नाही. त्याच्या पगारातून गावी धाकट्या बहिणीची फी भरली जाते. आपण उपासनेच्या ठिकाणी बसून “खरे बोल” म्हणणे सोपे आहे. त्याची किंमत तो एकटा देणार. म्हणून आमचे असे स्पष्ट म्हणणे आहे की, तरुणास कित्ता हो म्हणणाऱ्या मंडळीने त्या कित्त्याची किंमतही वाटून घेतली पाहिजे. खरेपणापायी कोणाचे काम गेले, तर त्यास दुसरे मिळेपर्यंत त्याच्या घरी धान्य पोहोचविणे हे दान नव्हे, मंडळीचे देणे आहे. एकमेकांची ओझी वाहावी असे पौलाने गलतीकरांस लिहिले. ते केवळ आजारपणाविषयी नव्हे. ज्या मंडळीची अशी तयारी नाही तिने मुलास निरोप देताना मोठे शब्द वापरू नयेत.

आणि त्या मुलानेही शहाणपण धरावे. खरे वागणे म्हणजे दुसऱ्यास खोटे ठरवीत हिंडणे नव्हे. त्याने बरोबरीच्यास हळू म्हणावे, “मी मोजतो, तुझेही मोजून देतो.” सुपरवायझरास विनयाने विचारावे. आपल्या खरेपणाची गोष्ट रात्री फोनवर चारचौघांस सांगू नये; सांगितली की कित्त्याचा देखावा झाला. मुलींनीही हेच ध्यानात धरावे. वसतिगृहाच्या खोलीत एखादीच्या पाठीमागे तिची निंदा चालली असता जी मुलगी त्यात सामील होत नाही, आणि दुसरे दिवशी त्या निंदिलेलीस आपल्या ताटातली भाकर देते, तिने पुष्कळ उपदेश केला. आषाढीच्या दिवसांत तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्कामास येते. तेव्हा वारकऱ्यास पाणी द्यावे, कारण तो तहानलेला आहे. त्या वेळी त्याच्या धर्माविषयी वाद काढू नये, आणि पाणी देतानाचे छायाचित्रही काढवून घेऊ नये. नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे आले ते तुकारामाचा धिक्कार करून नव्हे, हे आपणांस ठाऊकच आहे.

शेवटचा प्रश्न फार नाजूक आहे. कित्ता होऊ पाहणारा तरुण चुकला तर? त्याने आकडा खोटा भरला, दारूच्या बैठकीस बसला, बापाशी खोटे बोलला, तर? आम्ही म्हणतो, पाटी पुसता येते, म्हणूनच ती मुलाच्या हाती दिली आहे. ज्या पेत्राने आपणांस कित्त्याविषयी लिहिले, त्यानेच कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा प्रभूस नाकारिले होते, आणि शुभवर्तमान लिहिणारांनी ते झाकले नाही. जो तरुण आपल्या धाकट्या भावास बोलावून “मी चुकलो, तू असे करू नकोस, आणि मीही आता करणार नाही” असे म्हणतो, त्याने त्या भावास जे शिकविले ते कधीही न चुकणाऱ्यास शिकविता आले नसते. निर्दोष माणूस पाहून मुलास धाक वाटतो. पश्चात्ताप करणारा पाहून त्यास वाट सापडते. आपण कित्ता घालावयाचा तो आपल्या चांगुलपणाचा नव्हेच. कृपा झाल्यावर माणूस कसा उठतो, त्याचा तो कित्ता.

उपदेशक बंधूंनो, वडील मंडळींनो, एक शब्द तुम्हांस. तीमथ्यास पौलाने कित्ता हो म्हटले खरे. पण त्याच्या विश्वासाची आठवण देताना त्याने आधी त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांची नावे घेतली. मुलास साच्यात घालण्यापूर्वी साचा तपासावा. देवळाच्या जागेवरून आपसांत भांडण, प्रीतिभोजनाच्या वेळी अजून मनात जुनी जात धरून वेगळी पंगत, मंडळीच्या पैशाचा हिशेब वर्षानुवर्षे न दाखविणे: हे सर्व मुले पाहतात, आणि चाकणास जाताना पिशवीत घेऊन जातात. रात्रपाळीचा तपासणीचा कागद आणि आपल्या मंडळीची हिशेबवही ह्यांत फारसे अंतर नाही.

तेव्हा ह्या वर्षी मुलगा किंवा मुलगी एस.टी.च्या थांब्यावर उभी राहील तेव्हा निरोपाचे वाक्य थोडे बदलावे असे आम्हांस वाटते. “लोकांनी तुझ्याकडे पाहावे” असे न म्हणता म्हणावे, “तू त्याच्याकडे पाहत राहा. चुकलास तर घरी ये, पाटी पुसू. आणि खरे वागून काही गेले, तर आम्ही आहो.” असे म्हणून ज्यास पाठविले, त्याने कित्ता व्हावे म्हणून वेगळा उपदेश करावा लागणार नाही. ज्याने आपल्यासाठी पहिली ओळ लिहिली, तो प्रभू आपल्या तरुणांचा हात धरून त्यांजकडून पुढील ओळ लिहवो; आणि आपणांस ती वाचण्याइतकी नम्रता देवो. तथास्तु.